चौथी चाळ

बाई, तुला वाचता येत नव्हतं, त्यामुळे तू असताना तुला पत्र लिहायचा प्रश्नच कधी आला नाही. श्रीरामपूरला आयटीआयला होतो तेव्हा गावाकडं येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरजवळ निरोप द्यायचो, शनिवारी येतोय, दोन भाकरी जास्त टाक, आणि तो निरोप तुला बरोबर पोचायचा. आता तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली. घरात आबांपासून सगळे तुला बाई म्हणायचे, शेजारपाजारही बाईच म्हणायचा, म्हणून आम्ही पोरंही आईला बाई म्हणतच मोठी झालो. पन्नाशीला आलेला माणूस वहीत असं काही लिहीत बसलेला दिसला तर लोक हसतील. हसू देत. एक गोष्ट आहे जी तुझ्याशीच बोलता येईल, कारण ती तुझ्या नाकाची आहे.

उन्हाळ कांदा काढून चाळीत भरला की तुझी सकाळ बदलायची. एरवी तू उठल्या उठल्या चूल पेटवायचीस, चहाचं आधण ठेवायचीस, मिसरी लावत दारात बसायचीस. पण मृगापासून दिवाळीपर्यंत आधी चाळ, मग चूल. धूर नाही, मिसरी नाही, चहाही नाही. नुसतं तोंड धुऊन, पदर खोचून तू निघायचीस. आपली चाळ ती केवढी, बांबूच्या तट्ट्यांची, वर उसाचं पाचट, खाली हवा खेळावी म्हणून दगडांवर उचललेली, छातीपर्यंत कांद्यानं भरलेली. देवळाच्या पायरीला हात लावून कपाळाला न्यावा तसा तू बांबूला हात लावायचीस, आणि मग नाक तट्ट्यापासून वीतभर ठेवून या टोकाकडून त्या टोकाकडे चालायचीस. मधेच थांबायचीस. दोन पावलं मागं यायचीस. हात कोपरापर्यंत आत घालून, न बघता, एकच कांदा बाहेर काढायचीस. बाहेरून तो चांगला तांबूस, कोरडा दिसायचा. अंगठ्यानं दाबला की अंगठा आत जायचा. तो तिथंच राहिला असता तर आठ दिवसांत त्याच्या पाण्यानं पाटीभर कांदा गेला असता. 'सडका आंबट वास देतो, मोडाचा हिरवा, आन् भिजल्याला मातीचा,' असं तू मला सांगितलं होतंस. मला तेव्हा तिन्ही वास सारखेच वाटायचे. पुढं कळायला लागले, निदान आंबट तरी.

त्या वेळात तुझ्याशी बोलायचं नाही हा घरातला नियम होता. एकदा तलाठी कसला तरी कागद घेऊन सकाळीच आले आणि दारातून हाका मारत राहिले. तू वळूनसुद्धा बघितलं नाहीस. शेवटच्या तट्ट्यापर्यंत जाऊन आलीस, हात धुतलेस, पदर सारखा केलास आणि म्हणालीस, 'बोला आण्णा.' ते वैतागले होते. 'मगाधरनं वरडतोय, ऐकू येत न्हाई का?' 'येतं की,' तू म्हणालीस. 'पन कान उघडला का नाक झाकतं माझं.' तलाठ्यांनी कागद दिला, अंगठा घेतला आणि गेले.

तुझ्या नाकाची गोष्ट वाडीभर झाली तेव्हा शेजारच्या दोघांनी तुला त्यांच्या चाळी बघायला सांगितल्या. कुणी ताक द्यायचं, कुणी वैरणीची पेंढी. आपली एक आणि त्यांच्या दोन. तीन चाळी बघून तू घरी यायचीस तेव्हा आम्ही चहासाठी ताटकळलेले असायचो. चौथी चाळ तू कधी घेतली नाहीस, आणि तेवढ्यावरून एक वर्ष आपल्याला जड गेलं, ते मी विसरलेलो नाही.

मी तेव्हा दहावी झालेलो होतो. वरच्या मळ्यातले बागायतदार, ज्यांना सगळं गाव दादा म्हणायचं, त्यांनी मला रस्त्यात गाठून मोटरसायकलवर मागं बसवलं. गावात मोटरसायकल त्यांच्याकडेच होती. गाडी चालवता चालवता ते म्हणाले, 'तुझ्या आईला सांग, उद्यापासनं आमची बी चाळ बघायची.' वारा तोंडावर येत होता, लोक वळून बघत होते, आणि मी म्हणालो, 'येईल की दादा.' घरी येऊन मी तुला काहीच बोललो नाही. दुसऱ्या दिवशी तू तिसरी चाळ संपवून हात धूत होतीस तेव्हा ते स्वतःच आले.

'चला बाई, आमच्याकडं.'

'न्हाई जमायचं दादा.'

'आसं कसं? पोरगं तर काल व्हय म्हणालं.'

'मग पोराला न्या. त्याला बी नाक हाय.'

दादा हसले. माणूस वाईट नव्हता. 'घटकाभराचं तर काम हाय. तीन बघता तिथं चार.'

तू त्यांना नीट समजावून सांगितलंस. मला अजून ते शब्द आठवतात, कारण मी लाजून बाभळीच्या मागं उभा होतो. 'तीन चाळीपतुर मला वास कळतो दादा. चौथीत गेलं का मला समदीकडंच वास येतो. मग मी चांगला कांदा बी काढून टाकीन आन् सडका आत ठिवीन. चालंल का तुमाला?'

'लई मोठं नाक हाय बाई तुमचं,' ते म्हणाले. आता ते हसत नव्हते.

'देवानं दिलंय तेवढंच हाय. म्हणून तर जपती.'

त्या साली त्यांच्या कांदा लावणीला वाडीतल्या सगळ्या बाया होत्या, तू नव्हतीस. तुला बोलावणं आलं नाही. तू ओढा ओलांडून पलीकडच्या गावाला कामाला जायचीस, जाताना तासभर, येताना तासभर. एका संध्याकाळी तू पायाला तेल लावून चुलीपुढं भाकरी थापत होतीस आणि मी तिथंच बसून तोंड उघडलं. म्हणालो, एक चाळ बघितली असतीस तर काय बिघडलं असतं, घटकाभराचं तर काम होतं. तू भाकरी तव्यावर टाकलीस, वरून पाणी फिरवलंस आणि मग माझ्याकडे बघितलंस. 'माझ्या वतीनं व्हय म्हणायला तुला कुणी सांगितलं हुतं? माझं नाक तुझ्या बापाच्या मालकीचं न्हाई, तुझ्या कुठनं व्हईल?' आबा कोपऱ्यात जेवत होते, ते ताटात बघून हसले. तू नाही हसलीस. भाकरी उलटलीस आणि हळू आवाजात म्हणालीस, 'घटकाभराचा सवाल न्हाई त्यो. ज्या तीन पत्करल्या, त्यांचं काय?' मला तेव्हा तो हट्ट वाटला. माणसानं चार लोकांना धरून राहावं, हो म्हणावं, असं माझं मत होतं. अजूनही ते पुरतं गेलेलं नाही, हे पुढं दिसेलच.

आता माझं सांगतो. आयटीआय झाल्यावर मी नगरला एका कारखान्यात पॅनेलची वायरिंग करायला लागलो, हे तू बघितलंसच. तिथं वीसेक वर्षं काढली. ताईची धाकटी लेक, तू गेलीस तेव्हा दुसरीत होती, ती पुढं शिकून इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर झाली. शेवटच्या वर्षाला तिनं हवेतला वास ओळखणारं काहीतरी केलं होतं. दिवाळीला ती मला ते दाखवत होती, मी तिला तुझ्या चाळीच्या गोष्टी सांगत होतो, आणि ती एकदम म्हणाली, 'मामा, आजीचं नाक करता येईल.' तिला पुण्यात चांगली नोकरी लागलेली होती. ती गेली नाही. मी कारखाना सोडला. राहुरीच्या बाहेर एक पत्र्याचं शेड भाड्यानं घेतलं आणि आम्ही कामाला लागलो.

जेवणाच्या डब्याएवढं खोकं. त्यात छोटा पंखा, तो चाळीच्या पोटातली हवा ओढतो. आत सेन्सर आहेत, ते वास आणि उष्णता बघतात. कांदा सडायला लागला की शेतकऱ्याच्या मोबाईलवर एक मिसकॉल जातो. बाकी काही नाही. शेतकरी सकाळी धार काढत असतो, त्याला मोबाईल काढून वाचत बसायला हात मोकळा नसतो. घंटी वाजली की चाळीत जायचं, एवढंच. शेडमध्ये आम्ही त्याला नाकच म्हणायचो. दोन नाकं काष्टीला पाठवली, एक नाक दुरुस्तीला आलंय, असं बोलणं चालायचं आणि नवीन माणूस आला की दचकायचा. पहिली दोन वर्षं मी रोज सकाळी, चहा न घेता, कुठल्या ना कुठल्या चाळीत जायचो. खोकं काय म्हणतंय आणि माझं नाक काय म्हणतंय हे वहीत लिहायचो. कुठलं उशिरा वाजतं, कुठलं उगाच वाजतं. भाची तेवढं बघून ते सुधारायची. तुझ्याइतकं नाक मला नव्हतं, पण आंबट वास मला कळायचा, आणि हळूहळू खोक्यालाही कळायला लागला. ते दिवस चांगले होते.

असल्या धंद्याला आता स्टार्टअप म्हणतात, आणि सुरू करणाऱ्याला फाउंडर. माझ्या कार्डावर तसं छापलं होतं. कार्ड पहिल्यांदा हातात आलं तेव्हा मी ते देवापुढं ठेवलं होतं. मग आम्हाला पुण्याला एका कार्यक्रमाला बोलावलं. तिथं एका गुंतवणूकदार साहेबांचं भाषण झालं. विषय होता फोकस. फाउंडरनं एका गोष्टीवर नजर ठेवली पाहिजे, नाही म्हणायला शिकलं पाहिजे, असं ते फार छान बोलले. मी ते वहीत उतरवून घेतलं आणि खाली रेघ मारली. चहाच्या वेळी तेच साहेब कप घेऊन आमच्या टेबलापाशी आले, खोकं उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाले, 'उत्तम आहे. बटाट्याला चालेल का हे? द्राक्षाला? दुधाच्या टाकीला?' रेघ मारलेली वही माझ्या काखेत होती. मी म्हणालो, 'चालेल की सर.' मोटरसायकलवर मागं बसून म्हणालो होतो, अगदी त्याच आवाजात.

पुढं काय झालं ते एका दमात सांगून टाकतो. दुधाच्या टाकीचं खोकं केलं. शेडनेटमधल्या मिरचीचं केलं. घरी बसून विहिरीची मोटर चालू-बंद करायचं केलं. मग कुणी सुचवलं, तुमचा नंबर एवढ्या शेतकऱ्यांकडे आहे तर त्यावरून बाजारभाव का नाही सांगत? ते सुरू केलं. मग पावसाचा अंदाज. मग सणाच्या शुभेच्छा, आमच्या आवाजात. सगळं त्याच एका नंबरावरून. भाची हे सगळं जोडत राहिली. तिच्या टेबलावर अर्धवट उघडलेली सहा-सात खोकी कायम पडलेली असायची. एकदा ती म्हणाली, 'मामा, कांद्याच्या खोक्याला हात लावून मला दोन महिने झाले.' मी म्हणालो, 'ते चालतंय ना पण.' सकाळी मी माळ घेऊन बसायचो, तुझीच तुळशीची माळ. एकशे आठ मणी संपायचे आणि लक्षात यायचं की देवाचं नाव किती मण्यांवर घेतलं आणि दुधाच्या टाकीचं किती, काही पत्ता नाही. तेव्हासुद्धा मला वाटायचं, कामाचा व्याप वाढला की असं होतंच.

गेल्या श्रावणात काष्टीहून फोन आला. तिथं एक आजी आहेत, आमच्या अगदी पहिल्या गिऱ्हाइकांतल्या. सुनेला बरोबर घेऊन सगळी शेती स्वतः बघतात. त्यांच्या चाळीचा मधला सगळा भाग सडला होता. मी आणि भाची टेम्पो घेऊन गेलो. अंगणात कांद्याचा ढीग ओतलेला, चार-पाच बाया नाकाला पदर बांधून निवडत होत्या.

'या सायेब,' आजी म्हणाल्या. 'बघा तुमचं नाक काय म्हनतंय.'

भाचीनं खोकं उघडलं, लॅपटॉपला जोडलं. खोक्याचं काही चुकलं नव्हतं. त्यानं वेळेवर ओळखलं होतं. 'आजी, तीन दिवस ओळीनं मिसकॉल गेलाय तुम्हाला,' ती म्हणाली.

'गेला आसंल की. पयल्या साली वाजला का मी हातातलं टाकून पळायचे. आता सकाळी वाजतंय, भाव सांगतंय. दुपारी वाजतंय, पाऊस सांगतंय. नागपंचमीला वाजलं, मला वाटलं चाळ पेटली, तर शुभेच्छा देतंय. माझी सासू बी एवढी बोलत न्हवती. शेवटी सुनेनं त्याचा आवाजच बंद केला.'

आतून सून म्हणाली, 'तुमीच म्हणालात बंद कर.'

'म्या म्हणले गप कर त्याला.'

'मग तेच की.'

आजींनी तिकडं लक्ष दिलं नाही. त्या मला म्हणाल्या, 'पयलं मुकं हुतं ते, पन खरं हुतं.' आणि ढिगातला एक कांदा उचलून माझ्या नाकापुढं धरला. 'घ्या वास.'

मी वाकलो, श्वास घेतला, आणि म्हणालो, 'हो, आंबूस येतोय.'

ते खोटं होतं, बाई. मला वास येत नाही. त्याच्या दोन वर्षं आधी मला मोठा ताप आला होता, आठवडाभर अंथरुणात होतो. ताप गेला, त्याच्याबरोबर वास गेला तो परत आला नाही. उदबत्तीचा येत नाही, तव्यावर करपणाऱ्या भाकरीचा येत नाही, कांद्याचा तर नाहीच. डॉक्टर म्हणाले येईल हळूहळू. बायकोला माहीत होतं, पण तिलाही मी सांगितलं होतं की थोडा कमी येतो. भाचीला काहीच सांगितलं नव्हतं. त्या अंगणात सगळ्यांनी नाकाला पदर नाहीतर रुमाल लावलेला होता, भाचीनंसुद्धा, आणि मी एकटा उघड्या तोंडानं ढिगापाशी उभा होतो. आजी माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या.

तिथं उभं असताना मला जे कळलं ते तुला सांगण्यासाठी ही वही काढली. मी लोकांना सांगायचो आणि स्वतःलाही सांगायचो की धंदा वाढतोय म्हणून चाळीत जायला वेळ मिळत नाही. खरं उलटं होतं. चाळीत जाऊन माझा काही उपयोग राहिला नव्हता, आणि ते कबूल करायची लाज होती. म्हणून सकाळ मोकळी झाली, आणि मोकळ्या सकाळीत बाकीचं सगळं येऊन बसलं. दुधाच्या टाकीला नाक लागत नाही. मिरचीला लागत नाही. मीटिंगला तर मुळीच लागत नाही. जिथं जिथं माझं उणं उघडं पडणार नाही तिथं तिथं मी हो म्हणत गेलो. लक्ष विखुरलं असं म्हणणं सोपं आहे, पण ते आपोआप विखुरत नाही. एका ठिकाणी बघवत नाही म्हणून माणूस दहा ठिकाणी बघतो. त्या साहेबांच्या भाषणात हे नव्हतं, कदाचित त्यांना कधी गरज पडली नसेल.

परतीच्या वाटेवर टेम्पोत मी भाचीला सांगितलं.

'दोन वर्षं?' ती म्हणाली.

'हो.'

'मग चाळीत जाऊन खोकी कोण तपासत होतं?'

'कोणीच नाही.'

नगर मागं पडलं. आता त्याला अहिल्यानगर म्हणतात, पाट्या बदलल्यात, पण आमच्या तोंडात अजून नगरच आहे. पुढं राहुरीच्या रस्त्याला लागल्यावर ती खिडकीतून बाहेर बघतच म्हणाली, 'मला सांगितलं असतंत तर मी गेले असते मामा. मला येतो ना वास. मी दुधाच्या टाक्या कशाला करत बसले मग?'

त्याच आठवड्यात पुण्याच्या साहेबांना उत्तर द्यायचं होतं. ते आमच्यात भांडवल घालायला तयार होते. अट एवढीच की पुढच्या हंगामात सहा पिकांसाठी खोकी करायची, पुण्यात ऑफिस उघडायचं, आणि ते भाचीनं सांभाळायचं. गुरुवारपर्यंत सांगा म्हणाले. तुझी चौथी चाळ मला त्या दिवसांत सारखी आठवत होती, पण ती आठवून काम सोपं होत नव्हतं. तुझ्या नकाराची पायपीट तू स्वतः केलीस. ओढा ओलांडून तूच गेलीस. माझ्या नकाराची पायपीट भाचीला पडणार होती. ती सत्तावीस वर्षांची आहे. तिच्या वर्गातल्या मुली कुठल्या कुठं गेल्यात. मी नाही म्हणालो तर तिला कांद्याच्या चाळीत कोंडून ठेवल्यासारखं होईल, आणि हो म्हणालो तर तिनं नोकरी सोडून जे केलं ते हातचं जाईल. तिला पुन्हा एकदा तिच्या वतीनं उत्तर देऊन टाकायचं नाही, एवढं मात्र मी ठरवलं. तिला म्हणालो, तू सांग.

तिनं दोन दिवस घेतले. गुरुवारी सकाळी शेडमध्ये आली आणि टेबलावर कागद ठेवला. आम्ही करतो ते सगळं तिनं एकाखाली एक लिहिलं होतं. कागद भरला होता. 'आजी तीन चाळी बघायची ना,' ती म्हणाली. 'यातल्या आपण पत्करलेल्या कुठल्या, आणि नुसतं हो म्हटलेल्या कुठल्या?' मग तिनंच पेन काढलं आणि खालून वर खोडत आली. कांदा राहिला. मी म्हणालो, 'तुझं पुणं?' ती म्हणाली, 'पुण्याला मी केव्हाही जाईन. पण हे अर्धं टाकून गेले तर तिथं जाऊनही अर्धंच करीन, मला माहितेय माझं.'

मी साहेबांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. 'चूक करताय तुम्ही,' ते म्हणाले. मी म्हणालो, 'असेल साहेब.' दुधवाल्यांना हंगाम संपेपर्यंत सेवा देऊन मग खोकी परत आणली. त्यातला एक जण सगळ्यांसमोर म्हणाला, 'काय फाउंडर, आटली का म्हैस?' शेडमधली दोन पोरं सोडून गेली, हाताला चांगली होती, त्यांना सहा पिकांचं काम हवं होतं. त्यांची जागा अजून रिकामी आहे. हे सगळं करून कांद्याचं तरी नीट होईल का, ते या पावसाळ्यात कळेल. आत्ता मला माहीत नाही.

खोकं आता पुन्हा मुकं आहे. भाव नाही, पाऊस नाही, शुभेच्छा नाहीत. सडलं तर एक मिसकॉल. काष्टीच्या आजींकडे आम्ही स्वतः जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, 'लावा. पन ते वाजू न्हाईतर न वाजू, मी रोज चाळीत जानारच हाय.' मी म्हणालो, जायलाच पाहिजे.

रोज सकाळी भाची चाळीत जाते, चहा न घेता. मी बरोबर जातो, वही धरायला. आत्ताही राहुरीजवळच्या एका चाळीबाहेर क्रेट पालथं घालून बसलोय आणि तपासणीच्या वहीच्या मागच्या पानांवर तुला लिहितोय. ती आत आहे. नाक जाळीपासून वीतभर. तिच्याशी बोलायचं नाही. ती बांबूला हात लावत नाही, तो मी लावतो. मधेच ती थांबते, दोन पावलं मागं येते. ते तिला मी शिकवलेलं नाही. सात-आठ वर्षांची असताना तुझ्यामागून चालायची, तेव्हाचं असेल.

हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच. पण एक सांगून टाकतो, नाहीतर लिहिलेलं सगळंच खोटं ठरेल. काल एका डाळिंबवाल्याचा फोन आला होता. भला माणूस, आपुलकीनं बोलत होता. म्हणाला, आमच्या डाळिंबाच्या साठवणुकीला तुमचं नाक चालेल का? मी नाही म्हणालो नाही, बाई. 'बघतो,' म्हणालो. खोली केवढी आहे तेही विचारून घेतलं. भाचीला अजून सांगितलेलं नाही. ती चाळीतून बाहेर यायच्या आत त्याला फोन करून नाही म्हणायचं, असं ठरवून मी इथं बसलो होतो, आणि वही उघडून तुला लिहीत बसलो. आता ती शेवटच्या खणापाशी पोचली आहे.